साडूभाऊंचे दात आणि भूमचा चहा

आमच्या साडूंसारखा दातांसाठी जगलेला माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा झाला नाही. माणसं पोटासाठी जगतात, पोराबाळांसाठी जगतात, काही जण तर नुसती शेजाऱ्याचं वाईट बघायला जगतात. आमच्या साडूंनी मात्र आपले दात पांढरे करण्यात उभी हयात घातली, आणि ते दात कुणालाही दिसू नयेत म्हणून तितकीच मेहनत घेतली. या दोन उद्योगांचा एकमेकांशी मेळ कसा बसायचा हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी तोंड उघडलं नसतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार लोहारा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागं बसून माइकवरून गाड्या पुकारायचं त्यांचं काम. आवाज असा, की उमरग्याला जाणारा माणूससुद्धा क्षणभर लातूरच्या गाडीत बसावं काय असा विचार करी. पण हे काम त्यांना आवडायचं ते आवाजासाठी नव्हे. माइक तोंडापुढं धरला की तोंड झाकतं, आणि पगारही मिळतो. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या खात्यात असेलसं वाटत नाही. खिडकीतून बाहेर आले, की माइकची जागा रुमाल घ्यायचा. हसू आलं तर ते नाकावाटे सोडायचे. खांदे हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण ओठ काही हलत नसत. नवख्या माणसाला वाटायचं, गृहस्थांना उचकी लागली आहे. दोन वेळा तरी माझ्या देखत लोकांनी त्यांना पाणी पाजलेलं आहे.

दात तसे होते कसे, तर दिवसभर स्टँडवर बसून चहावर जगणाऱ्या माणसाचे असतात तसे. चहा हे त्यांचं एकमेव व्यसन. गाडी आली की चहा, गाडी गेली की चहा, आणि गाडी रद्द झाली तर त्या दुःखात दोन चहा. त्या रंगावर उपाय करायचा म्हणजे चहा सोडायचा, हे कुणालाही सुचलं असतं. साडूंना ते सोडून बाकी सगळं सुचलं. आधी बाभळीचा कोळसा झाला. कोळसा वस्त्रगाळ करून दात घासायचे, आणि मग घाईत तसेच पहिली गाडी पुकारायला जायचे. काळ्या ओठांचा नियंत्रक बघून एक म्हातारी खिडकीशी येऊन "साहेब, कुठं आग लागली व्हती का?" असं विचारून गेली. मग मीठ आणि गोडेतेल. मग केळीची साल आतल्या बाजूनं दातांवर चोळायची. या उपायात दातांना काही झालं नाही, पण घरची शेळी साडूंवर कायमची रुसली, कारण ती सालं तिच्या वाट्याची होती. त्यानंतर कुणीतरी खोबरेल तेलात हळद कालवून लावायला सांगितली. पांढरं करण्यासाठी पिवळं लावायचं, ही युक्ती मला आजतागायत समजलेली नाही. साडूंना ती लगेच समजली. महिनाभर त्यांच्या पांढऱ्या मिशा टोकाला पिवळ्या होत्या आणि लोक विचारत होते, "घरात कुणाचं लगीन हाय?"

निवृत्तीनंतर तर त्यांना वेळच वेळ मिळाला आणि वर मोबाईल मिळाला. मोबाईलमध्ये दात पांढरे करण्याचे इतके मार्ग आहेत, की तेवढे मार्ग आपल्या जिल्ह्यात खड्डे वजा करून उरत नाहीत. साडूंनी दातांवर चिकटवायच्या पट्ट्या मागवल्या. अर्धा तास तोंड न उघडता बसायचं. त्यांना ते अवघड नव्हतंच. पण नेमके त्याच अर्ध्या तासात मंडळाचे लोक आले आणि "यंदा अध्यक्ष तुम्हीच व्हा" म्हणाले. साडूंनी जोरजोरात मान हलवली. मान आडवी हलवली असं साडू सांगतात. मंडळाच्या लोकांना ती उभी दिसली. त्या वर्षी गणपतीसमोर सत्काराला उभे राहिलेले आमचे साडू रुमालाआड काय पुटपुटत होते, ते फक्त मला ऐकू आलं, आणि ते इथं लिहिण्याजोगं नाही. पट्ट्यांनंतर खाण्याचा सोडा आणि लिंबू आलं. हा उपाय मात्र त्यांनी वर्षानुवर्षं चालवला. घासताना तोंडात फेस येतो, म्हणजे गुण येतोय, असं त्यांचं शास्त्र होतं.

या सगळ्या प्रयोगांची माहिती जगात फक्त मला होती. याला कारण माझी नोकरी. मी गुरांच्या दवाखान्यात होतो. बैलाच्या तोंडात हात घालून दातावरून वय सांगण्यात माझा जन्म गेला. साडूंच्या मते दात म्हणजे दात. "साडूभाऊ, तुमी बैलाचं बघता, मग माणसाचं काय अवघड हाय?" असं म्हणून ते मला जळकोटला फोन लावत आणि हळू आवाजात प्रगती सांगत. आपण या वयात बैलाच्या अनुभवावर माणसाला सल्ला देतोय, याची मला लाज वाटायला हवी होती. मला मजा वाटत होती. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्याचं मूळ या मजेतच आहे.

या गोष्टीला आता दोन-तीन वर्षं झाली. साडूंच्या नातीचं लग्न जमायला आलं होतं. मुलगी औषधशास्त्र शिकलेली, मुलगा भूमचा, कॉलेजात शिकवणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, थोरांनी फक्त मान डोलवायची बाकी होती. या नातीनं लहानपणापासून आजोबांचा हसताना एकही फोटो बघितला नव्हता. घरात जितके फोटो, तितक्यांत साडू कडेला उभे, ओठ मिटलेले, पोलीस ठाण्यात आणून उभं केल्यासारखे. ती एकदा म्हणाली, "आजोबा, माझ्या लग्नातल्या फोटोत तुम्ही तोंड उघडून हसायचं. नाहीतर मी बोहल्यावर उभी राहणार नाही." पोरगी सहज बोलून गेली. साडूंनी ते मनाला लावून घेतलं. आठ दिवसांनी मला फोन आला. "साडूभाऊ, आता घरचे इलाज बास. डॉक्टरकडं जायचं. पण कुणाला सांगू नका. म्हातारपणी दात पांढरे करायला गेला म्हनतील."

आम्ही धाराशिवला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी साडूंना तोंड उघडायला सांगितलं. तिथंच पाच मिनिटं गेली. मग त्यांनी आरशानं आत बघितलं आणि विचारलं, "आजोबा, सोडा-लिंबू लावता का?" साडूंनी अभिमानानं मान हलवली. बाई म्हणाल्या, "दातावर पांढरं कवच असतं, त्याच्या आत पिवळा भाग असतो. तुम्ही घासून घासून ते कवचच झिजवलंय. म्हणजे तुम्ही जितके पांढरे करायला गेलात, तितके पिवळे होत आलेत." साडूंच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. म्हणजे बघवत होतं, पण हसू आवरेना म्हणून मी भिंतीवरचं दाढेचं चित्र बघत बसलो.

बाईंनी सगळे मार्ग नीट समजावून सांगितले. आधी यंत्रानं वरचा थर आणि चहाचे डाग काढायचे. मग हवं तर औषध लावून दात उजळायचे. ते दवाखान्यात एका बैठकीत होतं, नाहीतर दातांच्या मापाचा साचा करून देतात, त्यात औषध घालून घरी रोज थोडा वेळ लावायचा, दोन आठवड्यांत हळूहळू फरक पडतो. साच्याचं काम दातांना सोसतं, असं त्यांचं मत होतं. साडू म्हणाले, "घरी न्हाय जमणार. बायको बघंल." पन्नास-बावन्न वर्षांच्या संसारात बायकोपासून लपवायचं म्हणून माणसानं काय निवडावं! बाई म्हणाल्या, "मग बेतानं करू. फार पांढरे करायचे नाहीत, कवच पातळ आहे, झणझणतील." आणि शेवटी त्यांनी बजावलं: औषध लावल्यावर दोन दिवस चहा, हळद, मसाला, पान, रंगीत काही नाही. त्या दिवसांत दात रंग पटकन ओढून घेतात. गरमही नको. दूध चालेल, दहीभात चालेल, भाकरी चालेल.

पहिल्या खेपेला डाग काढले, दुसऱ्या खेपेला औषध लागलं. तो शनिवार होता. मी बाहेर बाकावर बसलो होतो. साडू तोंडावर रुमाल धरून आले. बाईंनी आरसा पुढं केला होता, तो त्यांनी घेतला नाही म्हणे. "नातीच्या फोटोतच बघीन." आम्ही गाडीत बसलो आणि तुळजापूरच्या अलीकडं साडूंच्या मुलाचा फोन आला. भूमची माणसं म्हणत होती, उद्याच घर बघायला या. पुढं त्यांच्या भावकीत कार्य आहे, मग महिनाभर जमणार नाही. घर पसंत पडलं तर लगेच सुपारी फोडून टाकू.

आता आमच्याकडं घर बघायला जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मुलीकडचे वडीलधारे मुलाच्या घरी जातात. घर बघतात, शेत बघतात, गोठा बघतात. पसंत आहे की नाही, हे तोंडानं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. चहा पुढं येतो. घेतला तर सोयरीक जमली. नाही घेतला तर चपला घालायच्या आणि निघायचं.

हे साडूंना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. साडू म्हणाले, "बघू. दूध मागू."

रविवारी सकाळी लोहाऱ्याहून जीप निघाली, वाटेत जळकोटला मला घेतलं. साडू, त्यांचा मुलगा, मी आणि भावकीतले दोघं. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साडू मिटल्या तोंडानं बसले होते. कालपासून पोटात चहा नव्हता. भाकरी आणि दुधावर होते. डोकं दुखत असणार. साडूंच्या मुलाला वाटलं, आबा नाराज आहेत.

भूमच्या पाहुण्यांचं घर पत्र्याचं. दारात कडुनिंब, बाजूला शेळ्या-मेंढ्यांचं वाडगं, अंगण सारवून लख्ख. मुलाचे आजोबा डोक्याला फेटा बांधून उंबऱ्यात उभे. चांगली माणसं होती, हे बघताक्षणी कळत होतं. आधी केशरी सरबत आलं. साडूंनी हात जोडले. मग पोहे आले, हळदीनं पिवळेधमक. साडूंनी पुन्हा हात जोडले. मी माझे खाल्ले आणि त्यांचेही उरकून टाकले. मग चहा आला. कपबशा नव्या काढलेल्या होत्या. मुलाच्या आत्यानं पहिला कप साडूंच्या पुढं धरला. साडूंनी मान हलवली आणि रुमालातून म्हणाले, "चहा नको."

आमच्या माणसांचे कपांकडं निघालेले हात तिथंच थांबले. आत्या तशीच उभी.

"मग काय आणू, पाव्हणं?"

"जरा दूध असलं तर."

आत्याचा चेहरा उतरला. "दूध सगळं चहातच घातलं की वो." घरात असेल नसेल ते दूध पाहुण्यांच्या चहात गेलं होतं, आणि आता पाहुणाच दूध मागत होता. याहून नेमका अपमान ठरवून करता आला नसता. मुलाचे आजोबा हळूच म्हणाले, "पाव्हणं, घर पत्र्याचं हाय. पोरगं म्हनतंय, पुढल्या साली स्लॅब टाकू. पर न्हाय पटलं तर तसं सांगा. आमी वाईट वाटून घ्यायचं न्हाय." कोपऱ्यात मुलगा उभा होता. त्याच्या हातात मोबाईल होता आणि तो सारखा उजळत होता. दुसऱ्या टोकाला लोहाऱ्यात कोण बसलंय, हे सगळ्यांना माहीत होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. "काल यांच्या दातांना औषध लावलंय." एवढंच. सगळी मंडळी हसली असती आणि काम झालं असतं. मी बोललो नाही. शब्द दिला होता हे खरं, पण तेवढंच खरं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मला तेव्हाही गंमत वाटत होती, आणि ती वाटायची थांबली तोवर आत्या कप उचलून आत निघाली होती.

मी साडूंना म्हणालो, "चला, हात धुऊन येऊ." आम्ही बाहेर जीपच्या पलीकडं गेलो. घरातून आमची डोकी तेवढी दिसत असणार. मी म्हणालो, "साडूभाऊ, आता सांगून टाकतो."

त्यांनी माझा दंड धरला. "न्हाय. नातीच्या सोयरिकीत आज्याच्या दाताचा इषय नको. जलमभर सासरी तेच ऐकंल पोरगी. 'तुझा आजा दात रंगवत होता व्हय?' म्हनतील."

मग ते जीपच्या बाजूच्या आरशाकडं वळले. रुमाल खाली घेतला. आणि हसले. ओठ फाकवून, सगळे दात दिसतील असं. मी त्यांना पन्नास वर्षं ओळखतो, पण तो माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. दात काही जाहिरातीतल्यासारखे पांढरे नव्हते. नव्या ज्वारीसारखे होते, किंचित पिवळसर, स्वच्छ. साडू आरशात बघत राहिले. मग रुमाल घडी करून खिशात घातला आणि माझी वाट न बघता आत गेले.

"चहा आणा," ते म्हणाले. "त्योच आणा. पवासाचं डोकं धरलं व्हतं, आता उतरलं. जरा कडक असंल तर बरं."

ते तीन कप प्याले. गरम चहा त्या दातांना लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुलाच्या आजोबांना वाटलं, नात जाणार म्हणून रडतोय. त्यांचेही डोळे भरले. दोघं म्हातारे समोरासमोर बसून रडले, एक नातीसाठी आणि एक दाढेसाठी, आणि सगळं घर पदर डोळ्यांना लावून बघत होतं. मग पोह्यांची बशी झाली. मग काथ-चुन्याचं पान झालं. सुपारी फुटली. परत येताना तुळजापूरला दिवे लागले तेव्हा मी साडूंकडं बघितलं. रुमाल पुन्हा तोंडावर होता.

जीपमधून उतरताना साडूंच्या मुलानं माझे पाय धरले. "काका, तुमी त्यांना बाहेर नेऊन समजावलं म्हणून जमलं. आबांनी तर सोयरीक मोडलीच होती." मी म्हणालो, "असू दे, असू दे." दोनच शब्द. ते दोन शब्द मी आजवर पुरवून वापरले आहेत. लग्नात मला पहिला फेटा बांधला. शाल दिली. भावकीत कुठं सोयरीक अडली, की आता मला बोलावतात. "जळकोटचे काका रागावलेल्या माणसाला पाच मिनिटांत वळवतात," अशी माझी कीर्ती उमरग्यापर्यंत गेली आहे. आणि साडूंना प्रत्येक कार्यात कुणीतरी कप पुढं करून विचारतं, "आबा, चहा घेणार का रुसणार?" सगळे हसतात. साडूही हसतात, नाकावाटे. लग्नाच्या फोटोत मी मधोमध आहे, फेट्यासकट, बत्तिशी दाखवत. साडू कडेला आहेत, ओठ मिटून. पोरगी तरीही बोहल्यावर उभी राहिली. तिला वाटलं, आजोबांना लग्न पसंत नव्हतं, म्हणून हसले नाहीत.

हे मला समजलं ते परवा, लोहाऱ्याला गेलो तेव्हा. नात माहेरी आली होती. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "आजोबांना आमचं घर कधी आवडलंच नाही." ती भाजी निवडत होती. मान वर करून बोललीसुद्धा नाही. मग मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर पहिल्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, औषध, आरसा, तीन कप.

कुणाचाही विश्वास बसला नाही.

साडूंचा मुलगा म्हणाला, "काका, तुमचा मोठेपणा हाय. सोताचं श्रेय दुसऱ्याला देणारी माणसं राहिली न्हाईत आता." मेहुणी म्हणाली, "ह्यांचे दात? पांढरे? मला न्हाय दिसले कधी." मी साडूंकडं वळलो. "तुम्ही तरी सांगा." साडूंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "साडूभाऊंचं काय ऐकता? मला त्या दिवशी पत्र्याचं घर पटलं नव्हतं. त्यांनी समजावलं, मग पटलं. पोरी, आता मात्र घर लई चांगलं हाय तुझं." नात माझ्याकडं बघून कौतुकानं हसली. म्हणजे खरं सांगून माझी अब्रू आणखी एक इंच वाढली. म्हणून हे लिहायला घेतलं. समोर बसलेल्या माणसावर विश्वास ठेवत नाहीत, निदान छापलेल्यावर तरी ठेवतील.

संध्याकाळी साडू मला स्टँडवर सोडायला आले. त्यांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ते तिथं गेले की पुकारल्याशिवाय राहत नाहीत. माइक नसला तरी माझी गाडी त्यांनी मोठ्यानं पुकारली आणि दोन बायका उगीच धावत आल्या. मी खिडकीशी बसलो. ते खाली उभे होते, रुमाल तोंडाशी. गाडी सुरू झाली तेव्हा ते जवळ सरकले.

"साडूभाऊ, एक इचारू?"

"विचारा की."

"त्या दिवशी तुमी बघितले व्हते न्हवं? आरशात." ते थांबले. "चांगले दिसत व्हते का हो?"

ती डॉक्टरीणबाई सोडली, तर ते बघितलेला माणूस मी एकटाच. मी म्हणालो, "लई चांगले दिसत होते."

"मंग झालं," ते म्हणाले.

गाडी हलली. मागं वळून बघितलं तर साडू तिथंच उभे होते. रुमालाचा हात खाली होता. हसत होते की गाडी पुकारत होते, ते धुळीत मला नीट दिसलं नाही.